न सांगायची जागा

खुशालरावनं धोतर दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. वास वॉर्डभर झाला होता, तरी तो सोडायला तयार नव्हता.

"पोरीसमोर सोडू का? सायबाले बोलवा."

"ऑपरेशन मीच करते, काका," डॉ. दीक्षा म्हणाली. "माह्याशिवाय आज कोणी नाही."

हिवरखेडचा शेतकरी. अंगात साखर, वर ताप. अकोटच्या डॉक्टरनं कुठं दुखते विचारलं, तर यानं धोतरावरूनच मांडी दाखवली. मग मांडीतल्या गळूच्या गोळ्या गिळत बसला. इकडे अंडकोषाची कातडी सडून काळी पडली. अकोल्याला आणला तेव्हा काळं पोटाकडे चढायला लागलं होतं. मेला तरी चालेल, पण जागा सांगणार नाही. याला आपण अब्रू म्हणतो.

त्याची बायको माणिकबाई रडत नव्हती. ती विचारत होती.

"किती कापान?"

"काळं तेवढं सगळं. चांगलं रक्त दिसेपर्यंत."

"लगेच शिवान?"

"नाही. उघडं ठेवते. उद्या परत पाहते, सडकं राहिलं त परत काढते. जखम भरत आली की मांडीची कातडी लावते."

"आतलं?"

"ते बहुतेक वाचते."

"बायांले होते का असं?"

"होते. कमी."

"अन् वास नसन, दुखत नसन, नुसती गाठ असन त?"

दीक्षा वैतागली. नवरा मरायला टेकला आणि हिच्या चौकशा संपेनात. "ते वेगळं असते, काकू. अगोदर यायले समजवा. अजून उशीर केला त माणूस हातचा जाईन."

माणिकबाई नवऱ्याकडे वळली. "मले बी मांडीच सांगतली तुमी. काहून?"

"बाईमाणसाले सांगाची गोष्ट हाये का ते?"

तिनं दोन्ही खाटांभोवती पडदा ओढला आणि शेजारच्या रिकाम्या खाटेवर जाऊन आडवी झाली.

"मॅडम, पहिले माहं पाहा. खाली गाठ हाये. दिवाईपासून लपवून राहिली मी."

खुशालराव कोपरावर उठला. बायकोकडे बघतच राहिला.

"मले काहून नाही सांगतलं?"

"तुमी सांगतलं का?"

तो पुन्हा आडवा झाला. धोतर त्यानं स्वतःच सोडलं.

"मॅडम, कापा लवकर," तो म्हणाला. "हिचा नंबर हाये मांगं."