दोन इंच उंच

"वळणातून बाहेर पडलं तरी स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही, मिस्त्री. काल घाटात गाडी थेट कठड्याकडे निघाली होती," मी तिसऱ्यांदा सांगितलं.

हिरामणमिस्त्रींनी चहाचा कप खाली ठेवलासुद्धा नाही. "पिकअप खडकाला घासते म्हणून तूच उंच करून घेतलीस. आता दोन इंच उचलल्यावर एवढं चालायचंच. गाडीला काही झालेलं नाही, तूच घाबरतोस. होईल सवय."

मी चिडून चावी उचलली.

"उद्या कुठली फेरी?" त्यांनी सहज विचारलं.

"घाटाखाली, तुमच्याच पुतणीच्या साखरपुड्याला. वहिनी आणि तुमच्या दोन्ही मुली माझ्या गाडीत आहेत. वहिनींनी कालच सांगून ठेवलंय."

मिस्त्रींनी कप खाली ठेवला. पोतं अंथरून ते गाडीखाली सरकले. बराच वेळ खाली हातबॅटरीचा उजेड फिरत होता.

"उंची वाढवली की पुढच्या स्प्रिंगच्या पाट्यांखाली पाचर बसवावी लागते, नाहीतर चाकांचा कोन बिघडतो आणि स्टिअरिंग परत येत नाही. ती मी बसवलीच नाही," खालून आवाज आला. "गाडी हलवायची नाही आता."

मी चावी परत जागेवर ठेवली.

"काल घाटात कोण होतं रे सोबत?"

"बायको आणि लेक."