फोटोंपाशी अडलेलं गाडं

“तुमच्या वसतिगृहात रडायला वेगळी खोली असते का?”

हा प्रश्न मुलाखतीत विचारून दाखव, अशी पैज मैत्रिणींनी लावली होती, आणि भोंग्याने तो वसतिगृहाच्या बाईंना खरंच विचारला. शेजारी बसलेल्या आईने कपाळाला हात लावला. बाई मात्र हसल्या. “खोली नाही गं. आमच्याकडे सगळ्या पांघरुणात रडतात,” म्हणाल्या, आणि असं तोंडावर बोलणारी मुलगीच आम्हाला हवी, असं सांगून जागा देऊन टाकली.

भोंगा हे बाबांनी ठेवलेलं नाव. पोरीचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. दुसऱ्या दिवशी वर्गात तिने बाईंची अशी काही नक्कल केली की मैत्रिणी हसून बाकांवर लोळल्या. पांघरुणाचं वाक्य तर तिने पुन्हापुन्हा म्हणून दाखवलं.

जागा पक्की व्हायला एकच गोष्ट उरली होती. वसतिगृह परगावच्या एका शाळेचं होतं, आणि तिथे मुलींना मोबाइल चालत नसे. घरच्यांशी बोलायचं ते शाळेच्या प्रोग्रॅममधूनच. तो घरच्या कॉम्प्युटरवर टाकायचा आणि आई, बाबा आणि मुलगी अशा तिघांनी कॅमेऱ्यासमोर बसून शनिवारपर्यंत नोंद करायची. नाहीतर जागा दुसरीला.

घरचा कॉम्प्युटर म्हणजे बाबांच्या फोटो स्टुडिओतला, आणि स्टुडिओ म्हणजे घराचीच पुढची खोली. तिथेच घोडं पेंड खात होतं.

मुख्य डिस्क गच्च भरलेली, त्यामुळे प्रोग्रॅम दुसऱ्या डिस्कवर टाकणं भाग होतं. पण ती डिस्क निवडायचं बटण दाबलं, की खिडकी थेट बाबांच्या फोटोंच्या फोल्डरवर उघडायची आणि उघडताच पांढरीफटक पडायची. मधोमध वर्तुळ गरगरत राहायचं. कितीही क्लिक करा, ढिम्म.

बाबांना एकही फोटो पुसवत नसे. गिऱ्हाइकाने कित्येक वर्षांनी येऊन तोच फोटो मागितला, तर? पासपोर्टचे, लग्नांचे, डोळे मिटलेले, हललेले, सगळे एकाच फोल्डरात कोंबलेले. दुरुस्तीवाल्याने फोनवर सांगितलं, की ती खिडकी उघडताना आतल्या एकूण एक फाइलचं नाव वाचायला बसते आणि तिथेच तिचा दम निघतो. फोटो वर्षावार छोट्या फोल्डरांत लावा, वर मोजकंच ठेवा, मग बघा.

बाबांनी सकाळी, गिऱ्हाइकं यायच्या आत, सगळे फोटो नीट लावले. दुपारी भोंगा शाळेतून आली. जेवणं झाली, बाबा नेहमीसारखे आतल्या खोलीत आडवे झाले आणि भोंगा स्टुडिओ सांभाळत अभ्यासाला बसली. संध्याकाळी आई दवाखान्यातलं काम आटोपून आली, तिघं केसबिस विंचरून कॅमेऱ्यासमोर बसली. बाबांनी बटण दाबलं.

खिडकी पांढरीफटक.

फोल्डर पुन्हा तुडुंब होतं. वर्षावार लावलेली फोल्डरं जागच्या जागी, आणि बाहेर सगळ्या फोटोंची परत तीच झुंबड. कॅमेऱ्याचा प्रोग्रॅम आपोआप ओतत असेल, तो बंद करा, असं दुरुस्तीवाला म्हणाला. बाबांनी तो बंद केला. दुसऱ्या सकाळी पुन्हा सगळी निवडानिवड. संध्याकाळी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. कॉम्प्युटरच्या नावाने सगळ्यांत मोठ्याने खडे फोडत होती ती भोंगाच.

“आजकाल ही खुर्चीपण रोज खाली बसते,” बाबा दांडी ओढून खुर्ची आपल्या उंचीला वर घेत म्हणाले.

“म्हातारी झाली असेल,” भोंगा म्हणाली. “तुमच्यासारखी.”

बाबा हसले. खुर्चीकडे मात्र थोडा वेळ बघत राहिले.

आई हसली नाही. शाळेत पहिली येऊनही तिला कोणी बाहेर शिकायला पाठवलं नव्हतं, हे घरात सगळ्यांना तोंडपाठ होतं. पोरीच्या टॉवेलांवर वसतिगृहाचा नंबरसुद्धा तिने शिवून ठेवला होता. शुक्रवारी संध्याकाळी खिडकी परत पांढरी पडली, तेव्हा ती स्क्रीनकडे बघतच नव्हती. नवऱ्याकडे बघत होती.

“फोटोंना काही पाय फुटत नाहीत,” ती म्हणाली. “दिवसभर या खोलीत असतं कोण? पोरगी लांब जाऊ नये म्हणून तुम्हीच भरताय ना हे?”

बाबांचा हात खुर्चीच्या दांडीवर होता. त्यांनी एकदा भोंग्याकडे पाहिलं.

“हो,” ते म्हणाले. “मीच. मला नाही करमणार तिच्याशिवाय.”

आईने कॉम्प्युटर बंद केला. मग शांतपणे म्हणाली, की उद्या ती दवाखान्यातल्या मैत्रिणीचा लॅपटॉप आणेल, नोंद त्यावर होईल, आणि यापुढे पोरीच्या शिक्षणाबद्दल बाबांनी चकार शब्द काढायचा नाही. बाबांनी मुकाट्याने मान हलवली.

भोंगा उठून उभी राहिली. गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा तिचा आवाज आज टेबलापलीकडेही पोचेना. तिने घसा खाकरला आणि पुन्हा, आता दोघांनाही स्वच्छ ऐकू जाईल असं, म्हणाली,

“आई, लॅपटॉप आणू नकोस. मी त्या शाळेत जाणार नाही. आणि बाबा खोटं बोलताहेत. दुपारी ते झोपले, की फोटो मी भरायचे.”