धोतऱ्याची साक्ष

रामधननं रुपाबाईचा पाय धरला आणि खळ्यावर एकच गलका उठला. पहिली लाथ तिच्या बरगडीत बसली. ती कोणी घातली हे कळायच्या आत दुसरी आणि तिसरी बसली. खाली पडून तिनं दोन्ही हातांनी फक्त डोकं झाकून घेतलं.

रामधनला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. धोतऱ्याचं बी गुळात घालून खाल्ल्यापासून तो खळ्याच्या मधल्या खांबाला टेकून बसला होता. हवेतून नसलेले धागे वेचत होता आणि मधूनच हसत होता. आता लोकांनी त्याला उचलून सावलीत नेऊन टाकलं.

इंझोरीच्या पलीकडच्या या गावात जगदेव पाटलाची बैलजोडी एकाच आठवड्यात मेली होती. करणी झाली यात कोणाला शंका नव्हती, शंका होती ती फक्त नावाची. त्यासाठी धोतरा होता. एकानं बी खायचं, बाकीच्यांनी त्याच्यापुढून फेरी धरायची, आणि तो ज्याचा पाय धरेल तो गुन्हेगार. मग वकील नको की कोर्ट नको.

उदयसिंग नागपूरहून आला होता. विद्यापीठात मानववंशशास्त्र शिकत होता आणि माणसं नशेची झाडं का खातात यावर प्रबंध लिहीत होता. हा विधी एकदा तरी दाखवा म्हणून त्यानं पाटलाचा पिच्छा पुरवला होता. आता बघायला मिळालं होतं, आणि जिला तुडवत होते तिच्याच चुलीवरची भाकरी तो महिनाभर खात होता.

तो गर्दीत घुसला. एकाची काठी त्याच्या खांद्यावर बसली तरी थांबला नाही.

"अहो, तो शुद्धीवर नाही! हे खाल्लं की माणूस कोणालाही धरतो. मी खाल्लं तर मीही धरीन!"

पाटलानं हात वर केला. लाथा थांबल्या.

"मंग खा ना, साहेब," पाटील म्हणाला. "तुमी तं शिकलेले मानूस. तुमच्या हातून दुसरं कोनी निंगालं, तं हिले सोडून देतो."

दुसरं कोणी. उदयसिंगनं भोवतालच्या माणसांकडे पाहिलं. त्याच्या हातून जो निघेल त्याच्या बरगड्या मोडणार, एवढं त्याला कळत होतं.

"आणि मी हा खांबच धरला तर?"

पाटलानं खांबाकडे पाहिलं. मग म्हणाला, "मानूस नाही धरला, म्हंजे मानसाचं कामच नाही ते. मंग कोनालेच हात लावत नाही आमी. पाटलाचा शब्द हाये."

"नोको खाऊ, बाबू," रुपाबाई जमिनीवरूनच म्हणाली. तिच्या ओठातून रक्त येत होतं. "येडा होशीन."

गावात त्याला सगळे साहेब म्हणत. बाबू म्हणणारी ती एकटीच होती.

त्यानं गूळ तोंडात टाकला. गालात धरून नंतर थुंकावा असा त्याचा बेत होता. पाटलानं त्याचा जबडा दाबून धरला आणि गिळेपर्यंत सोडला नाही, वर जिभेखाली बोट फिरवून पाहिलं. आता खांबाचाच आधार होता. त्याला रामधनच्या जागी बसवलं होतं, म्हणजे खांब तर पाठीलाच टेकलेला होता. नुसतं मागं वळून मिठी मारायची. उदयसिंग मनात घोकू लागला. खांब. खांब.

जीभ लाकडासारखी झाली. ऊन पांढरं झालं. फेरी सुरू झाली तेव्हा रुपाबाईला दोघांनी बखोटीला धरून उभं केलं आणि पुढं ढकललं. पाय फिरताना दिसत होते, मग नुसती धूळ फिरताना दिसली. खळ्यामधून वाशीमची आगगाडी गेली आणि कोणीच बाजूला झालं नाही. वारलेले आजोबा खिडकीतून हात हलवत होते. उदयसिंगला त्यांना काहीतरी विचारायचं होतं. पण त्याला एक काम होतं, फार महत्त्वाचं काम होतं, आणि ते निसटत चाललं होतं.

खांब!

तो समोरच होता. उदयसिंगनं झेप घेतली आणि दोन्ही हातांनी त्याला कवटाळलं. "सापडला!" तो ओरडला. इतका आनंद त्याला जन्मात झाला नव्हता. ती वाचली होती. तो हसत होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

खांब ऊबदार होता आणि लटलट कापत होता. वरून काठ्या पडू लागल्या. दोन-तीन त्याच्या मनगटांवर बसल्या, एका बोटाचं हाड मोडलं, तरी त्यानं हात काढला नाही. खळ्याचा खरा खांब त्याच्या पाठीमागं होता तिथंच उभा होता.

"सोड, बाबू," खांब म्हणाला. "पयू दे मले."

उदयसिंगनं मिठी आणखी घट्ट केली.