मंगळवारी दोनदा पोहणं

"अप्पा, मंगळवारी तुम्ही दोनदा पोहायला जाणार आहात का?"

दादूने वडिलांचा फोन हातात घेतला होता तो टॉर्च बंद होत नाही म्हणून. टॉर्च बंद झाली आणि मधेच कॅलेंडर उघडलं. मंगळवारी पोहणं, दोनदा. शुक्रवारी लायब्ररी, दोनदा. रविवारी सिनेमा, तोही दोनदा.

अप्पा ओट्यापाशी चहा गाळत होते. गाळणी हातातच राहिली.

"टाकलं असेल चुकून," ते म्हणाले. "लक्षात राहत नाही हल्ली."

बोलले आणि फसले. कारण दादूच्या घरी मागची खोली रंग लावून तयार होती. आई गेल्यापासून अप्पा इथे एकटे, आणि दादूच्या बायकोने ठरवूनच टाकलं होतं: अप्पा विसरायला लागले की त्यांना आपल्याकडे आणायचं. अप्पा म्हणायचे, माझं घर आहे, मी हलणार नाही. आजवर तेच जिंकत आले होते, कारण डोकं अजून तल्लख. जन्मभर बस डेपोत वेळापत्रकं बनवलेला माणूस. आजही खालून जाणाऱ्या बसला उशीर झाला तर खिडकीतून ड्रायव्हरला मनगटावरचं घड्याळ दाखवायचे.

आणि हा माणूस आता एकच गोष्ट दोनदा टाकायला लागला?

दादूचा चेहरा बघून अप्पांनी गाडी रिव्हर्समध्ये घेतली. म्हणाले, मी कशाला दोनदा टाकतोय, फोनच बिघडलाय, एकाचे दोन करतो.

"नक्की फोनच?"

"नक्की."

"मग बघूच. फोनची चूक निघाली तर राहा इथे, मी परत विषय काढणार नाही. तुमची निघाली तर या महिन्यात सामान बांधायचं."

अप्पांनी चहाचा कप त्याच्यापुढे ठेवला आणि मान हलवली. फाशीची शिक्षा ऐकल्यासारखी.

दादू लिफ्ट दुरुस्त करायचा. लिफ्ट असो नाहीतर फोन, आधी बंद करून चालू करायचं हा त्याचा धर्म. फोन बंद करून चालू केला. पोहणं दोनदाच. फोनचं ऑनलाइन सिंक बंद करून चालू केलं. दोनदाच. मग अप्पांचं ऑनलाइन खातंच फोनमधून काढलं आणि पुन्हा जोडलं. अप्पांनी पासवर्ड न अडखळता सांगितला, तेवढ्यानेच त्याला जरा बरं वाटलं. पण सगळं परत आलं, जोडीनेच.

"जाऊ दे रे," अप्पा म्हणाले. "दिसू दे दोनदा. मी जातो एकदाच."

असं कसं जाऊ दे, खोलीचा प्रश्न आहे, असं म्हणत दादू सेटिंगमध्ये घुसला. आणि सापडलं. एकाच खात्याखाली दोन कॅलेंडरं होती. एक हिरवं, एक जांभळं. दोन्हींचं नाव एकच, 'माझं'. त्याने मांडीवर थाप मारली. एकच कॅलेंडर दोन वाटांनी आत येत होतं! जुना फोन बदलताना घोळ झाला असणार. दातांचा डॉक्टर आणि गॅस सिलिंडर तेवढे एकदाच होते, पण त्यालाही दादूकडे उत्तर होतं. अर्धवट कॉपी झाली असेल.

त्याने खुशीत बायकोला फोन लावला. तिला काही ते पटेना. ती म्हणाली, माझी आई बघ, एकटी राहते, पण फोन कसा सफाईने चालवते. दादूने ते हसत अप्पांना सांगितलं.

"त्या हुशारच आहेत," अप्पा कपात बघत म्हणाले.

अप्पांचं आणि दादूच्या सासूबाईंचं त्याच्याच लग्नातल्या ग्रुप फोटोवरून बिनसलं होतं. फोटोत सासूबाई अर्ध्याच आल्या होत्या आणि फोटो काढला होता अप्पांनी. तेव्हापासून दोघांचं बोलणं नमस्काराच्या पुढे गेलेलं कुणी बघितलं नव्हतं.

दादू एकेक जांभळी नोंद उडवायला लागला. फोन दरवेळी विचारायचा, ऑनलाइन पण काढू का? दादू दरवेळी हो म्हणायचा. नुसतं लपवता येत नाही का, असं अप्पांनी विचारून बघितलं. दादू म्हणाला, मुळापासूनच काढलं पाहिजे, नाहीतर उद्या परत उगवेल. अप्पा उठले, बसले, परत उठले.

"घाबरू नका. तुमचं हिरवं सगळं जागेवर आहे."

शेवटी पोहणं एकदा, लायब्ररी एकदा, सिनेमा एकदा. दादूने पुन्हा सिंक केलं. काही परत आलं नाही.

"जिंकलात अप्पा. चूक फोनची. आता खुशाल राहा इथे."

अप्पा नुसतं बरं म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले.

तेवढ्यात बायकोचा फोन आला. अप्पा वाचले, हे तिने अप्पांसमोरच ऐकावं म्हणून दादूने मुद्दाम स्पीकर लावला. पण तिने त्याला बोलूच दिलं नाही. तिच्या आईचा फोन आला होता, रडकुंडीला आली होती बिचारी. तिच्या कॅलेंडरमधलं एकेक तिच्या डोळ्यांदेखत गायब झालं होतं. आता कधी कुठे जायचंय ते काही आठवत नाही, माझं डोकं कामातून गेलं, असं म्हणत होती.

"मी काय म्हणते, खोली तयारच आहे," बायको म्हणाली. "आईलाच घेऊन येऊ का?"

अप्पांनी दादूच्या हातातून फोन घेतला.

"सूनबाई, तिचं डोकं जागेवर आहे, तिला सांग रडू नकोस. पोहणं मंगळवारी, लायब्ररी शुक्रवारी, रविवारच्या सिनेमाची तिकिटं माझ्याकडे आहेत. आणि तिला तुमची खोली नको, पुढच्या महिन्यात ती इकडेच राहायला येतेय."