खिडकीकडचं तिसरं बाक

“आठवी अ, खिडकीकडची रांग, तिसरं बाक,” जिना चढताना तोआन पुटपुटत होता. अंगात लग्नकार्याचा पांढरा शर्ट होता. मोटारसायकलवरून गिऱ्हाइकं पोचवताना घालायचं हिरवं जाकीट त्याने सीटखाली कोंबलं होतं. बिएन होआ शहरात पालकसभेला कोणी तसल्या अवतारात जात नाही.

तीन वर्षांत तो एकाही पालकसभेला गेला नव्हता. रविवारी सकाळी गिऱ्हाईक जोरात असतं, आणि बायकोची, सेनची, शिवणाच्या कारखान्यात जादा पाळी असते. पहिल्या वर्षी पोरीने चारदा विचारलं, “बाबा, याल ना?” मग विचारणंच सोडलं. पोर शहाणी झाली, असं तो चहाच्या टपरीवर कौतुकाने सांगायचा. शाळेतून कधी तक्रार नाही, आणि नववर्षाला मिळालेले लाल पाकिटांतले पैसेही सायकलीसाठी साठवते म्हणे. सायकल काही अजून आली नव्हती, पण बापाला तेवढा हिशोब करायला फुरसत कुठे?

सभेत ज्याने त्याने आपल्या मुलाच्या जागी बसायचं असतं. तिसऱ्या बाकावर ‘थाओ’ अशी पट्टी होती. तोआन बसला, पण गुडघे काही बाकाखाली मावेनात.

“थाओचे बाबा ना?” बाई म्हणाल्या. “आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं!”

“कामं असतात, बाई.”

“ती सगळ्यांनाच असतात. गणितात दहापैकी आठावरून चारावर आलीय पोर, ठाऊक आहे?”

“ठाऊक आहे. आता घरी लक्ष देतो.”

उत्तर पाठ केलेलं होतं. तरी मागच्या बाकावरची बाई फिसकन हसली आणि तोआनच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. तीन वर्षं चुकवलेलं बोलणं आज एकदम खावं लागत होतं, आणि ते त्याला रास्तच वाटत होतं.

“बाकाच्या खणात मुलांनी तुमच्यासाठी चिठ्ठी ठेवलीय,” बाई म्हणाल्या. “वाचा, आणि मागे उत्तर लिहा.”

चिठ्ठी चार घड्यांची होती.

‘बाबा, तुम्ही हे वाचणार नाही हे मला माहीत आहे, म्हणून खरं लिहिते. तुम्ही आणि आई माझ्यासाठीच राबता, हे मला पाठ आहे. पण रोज जाळीखाली झाकलेला भात मी एकटी खाते. टीव्हीचा आवाज मोठा करते, म्हणजे कोणीतरी घरात आहे असं वाटतं. मार्क कमी पडले तर तुम्ही रागवायला तरी बसाल, असं वाटलं होतं. थाओ.’

तोआनने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. आपण पोरीसाठी राबतो म्हणता म्हणता पोरीलाच विसरलो, असं त्याला वाटलं आणि स्वतःची लाज वाटली. त्याने चिठ्ठी उलटी करून पेन टेकवलं. शेवटी दोनच शब्द उमटले: ‘माफ कर.’

सभा सुटली तेव्हा पावणेदहा वाजले होते. फाटकाशी एक किडकिडीत मुलगी झाडाला टेकून उभी होती. त्याला पाहताच पुढे आली.

“बाई फार बोलल्या का?”

“बोलायलाच हव्या होत्या.”

“ओळखलं तर नाही ना कोणी?” थाओने इकडेतिकडे बघत एक लाल पाकीट पुढे केलं. “घ्या, काका. ठरलं होतं तेवढंच आहे.”

तोआनने पाकिटाला हात लावला नाही. “ठेव तुझ्याकडे. आणि बाकातली ती चिठ्ठी तुझ्या बाबांच्या ताटाशी ठेव. तिथे वाचतील.”

“नाही वाचली तर?”

“तर मी येऊन वाचून दाखवीन. आता जा.”

मग त्याने मोबाईल काढला. त्याच्या स्वतःच्या पोरीच्या, पुलापलीकडच्या शाळेचा एक निरोप तीन दिवसांपासून त्यात पडून होता: रविवार, सकाळी दहा, पालकसभा. त्याने सेनला फोन लावला.

“अगं, आपली क्विन्ह आठवीत की नववीत?”

पलीकडे शिलाई यंत्रांचा खडखडाट होता. “आज कुठून आठवलं?” सेन म्हणाली. “आठवी ब. तुम्ही जाताय? खरंच?”

“जातोय.”

“कोपऱ्यातलं बाक आहे तिचं. आणि हे बघा, बोलू नका तिला काही.”

थाओचं बाक त्याला तोंडपाठ होतं, आणि स्वतःच्या पोरीचा वर्ग फोनवर विचारावा लागला होता. लाल दिव्याची पर्वा न करता तो पुलावरून निघाला. आज दुपारी तिघांनी एकत्र जेवायचं, त्याने ठरवून टाकलं.

आठवी बच्या दारात तिथल्या बाई पालकांची यादी घेऊन उभ्या होत्या.

“कोणाचे पालक?”

“क्विन्हचे,” धापा टाकत तोआन म्हणाला. “मी तिचा बाबा.”

बाईंनी यादीवर बोट ठेवलं, मग त्याच्याकडे नीट पाहिलं. त्यांच्या खांद्यावरून तोआनला कोपऱ्यातलं बाक दिसत होतं. तिथे एक पिकल्या केसांचा माणूस इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बसला होता. पायाशी ठेवलेल्या त्याच्या पिशवीतून हिरव्या जाकिटाची बाही बाहेर आली होती. समोर चिठ्ठी होती, आणि तिची पाठ भरेपर्यंत तो लिहीत होता.

“तुमचा काहीतरी घोळ होतोय, भाऊ,” बाई म्हणाल्या. “क्विन्हचे बाबा कधीचेच येऊन बसलेत. तीन वर्षांत त्यांनी एक सभा चुकवलेली नाही.”