चौदा पुड्या

ट्रेडमिलवर सोळावं मिनिट लागलं आणि धनश्रीचे पाय एकदाचे थांबले. पंधरा दिवसांपूर्वी ह्याच पोरीनं अकराव्या मिनिटाला हात टेकले होते.

"पाच मिनिटं जास्त!" अर्शी मॅडमचा चेहरा खुलला. पळताना थकवा उशिरा यावा म्हणून केलेली एक गुलाबी भुकटी खरंच काम करते का, हे त्या नगरच्या कॉलेजात तपासत होत्या. रोज पहाटे एक पुडी, पाण्यातून. धनश्रीनं चौदा रिकामी पाकिटं टेबलावर ठेवली. मॅडमनी ती मोजून घेतली.

"मॅडम, अजून पुड्या द्या ना."

"तुझी चाचणी संपली."

"पोलीस भरतीला नऊ दिवस राहिलेत. ही शेवटचीच भरती, पुढं वयात बसत न्हाई. पाया पडते तुमच्या!" आणि ती खरंच वाकली.

"अगं, काय हे! इतकी छान पळतेस, पुडीवाचून काय अडलंय तुझं?"

मग मात्र तिचा बांध फुटला. "मी एकबी पुडी घेतली न्हाई, मॅडम. सगळ्या आईला दिल्या."

आता बोला! मॅडम मटकन खुर्चीत बसल्या. "मग पाच मिनिटं वाढली कशानं?"

"झोपेनं. ऊस तोडून तोडून आईची कंबर गेली, अंगात रक्त न्हाई. पडूनच असायची. पहाटे टाकीवरनं आठ हंडे मी आनायचे, मग पळायला जायचे. पुडी सुरू झाली अन् दुसऱ्याच दिवशी आई उठून उभी. म्हनली, लई तरतरी आली गं, तू नीज, पानी मी आनते. तेव्हापासनं रोज चुलीकडं तोंड करून पुडी घेती अन् रिकामं पाकीट माझ्या हातात देती."

मॅडमना राग आला आणि कीवही आली. पण पुडी काही त्यांनी दिली नाही. "आजारी माणसाला असलं काही द्यायचं नसतं. आईला दवाखान्यात ने."

पाथर्डीच्या एसटीत धनश्री खिडकीला डोकं टेकून रडत राहिली. आई परत अंथरूण धरणार, आणि आपली भरती गेली म्हणून समजा.

आई, दगडाबाई, घराच्या दारातच भेटली. हंडा खाली ठेवून ती भिंतीच्या आधारानं उभी होती, कपाळावर घाम.

"आई, पुड्या न्हाई दिल्या गं मॅडमनी."

"मंग त्यात रडायचं काय, येडे?"

दगडाबाई भिंत धरत धरत आत गेली. पिठाच्या डब्यामागून तिनं काचेची बरणी काढली आणि लेकीच्या हातात दिली. बरणी गळ्यापर्यंत गुलाबी भुकटीनं भरलेली होती.

"चौदाच्या चौदा हायत. भरतीपातूर पुरत्याल तुला."