पलटणीचा मेंढा
ट्युनिशियाच्या डोंगरात, बकरी ईदच्या सकाळी, फ्रेंच कॅप्टनने आमच्या अल्जेरियन पलटणीचा मानाचा मेंढा आणून उभा केला. कूच करताना तो सोनेरी शिंगं मिरवत सगळ्यांच्या पुढे चालायचा. शिधाही त्याला आमच्यापेक्षा चांगला. काल तोफगोळ्याच्या तुकड्याने त्याचा पाय मोडला होता. “घ्या, कापा! तुमचा सण ना?” माझा दोस्त लखदर म्हणाला, “साहेब, लंगडं जनावर कुर्बानीला चालत नाही. धडधाकटच लागतं.” “मलापण जवान तसेच लागतात!” कॅप्टन हसला. “दुपारी समोरची जर्मनांची टेकडी जिंकायचीय. एकेक जण डॉक्टरपुढे चालून दाखवा.” परवा त्या टेकडीवर गेलेल्या चाळिसांतले तिघेच परतले होते. लखदर निघाला, तो चक्क लंगडत. “गाढवा, आत्ता तर नाचत होतास!” मी कुजबुजलो. “गप! तुझ्या आईला मुलगा परत हवाय ना?” माझं नाव पुकारलं. कोणत्या पायाने लंगडायचं, तेच कळेना.